नवसाचे व्याकरण : ग्रॅहम ग्रीन यांच्या ‘द एंड ऑफ द अफेअर’मधील श्रद्धा आणि निषिद्ध प्रेम

१

निषिद्ध प्रेमाची कथा सांगू पाहणाऱ्या लेखकाला निषेध करणारी सत्ता आधी उभी करावी लागते. कुल, वंश, धर्मपीठ, राज्य किंवा लोकापवाद यांपैकी काही तरी प्रेमिकांच्या वाटेत आडवे येते, आणि त्या विरोधाच्या मापानेच प्रेमाची उंची मोजली जाते. ग्रॅहम ग्रीन (१९०४–१९९१) यांची १९५१ साली प्रसिद्ध झालेली ‘द एंड ऑफ द अफेअर’ ही कादंबरी वरवर पाहता याच जातीची वाटते. महायुद्धकालीन लंडन, एक विवाहित स्त्री, तिचा प्रियकर आणि अखेरीस धर्माचा नकार, एवढीच तिची सामग्री आहे. ग्रीन यांनी १९२६ साली कॅथलिक पंथाचा स्वीकार केला होता. ‘ब्रायटन रॉक’ (१९३८), ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ (१९४०) व ‘द हार्ट ऑफ द मॅटर’ (१९४८) या कादंबऱ्यांच्या मालिकेत हिची गणना होते. साहजिकच ‘कॅथलिक कादंबरी’ ही चिठ्ठी तिच्यावर लागली आणि तिच्याविषयीचा वादही त्या चिठ्ठीभोवतीच फिरत राहिला. श्रद्धावान वाचकाला तीत ईश्वरी कृपेचे दर्शन घडते. श्रद्धाहीन वाचकाला लेखकाने आपल्या धर्ममताचा भार पात्रांच्या गळ्यात बांधल्यासारखे वाटते.

या दोन्ही पक्षांचे एका साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष होते. या कादंबरीतील निषेध धर्मपीठाकडून आलेला नाही, पतीकडून आलेला नाही, समाजाकडूनही आलेला नाही. तो नायिकेच्या स्वतःच्या तोंडून निघालेल्या एका वाक्यातून आला आहे. ते वाक्य उच्चारताना तिची ईश्वरावर श्रद्धा नव्हती. श्रद्धा त्या वाक्यामागून आली. धर्म तर त्याहूनही मागून आला. ‘आधी विश्वास, मग शब्द’ हा सर्वसामान्य क्रम येथे उलटा झाला आहे. कादंबरीचे बळ या उलट क्रमात आहे, आणि जेथे लेखक हा क्रम सोडतो तेथेच ती दुबळी होते, हे दाखविणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

कथानक थोडक्यात असे. मॉरिस बेंड्रिक्स हा कादंबरीकार आपल्या एका पात्रासाठी सरकारी अधिकाऱ्याच्या आयुष्याची माहिती मिळवू पाहतो. त्या निमित्ताने १९३९ साली हेन्री माइल्स या अधिकाऱ्याशी आणि त्याची पत्नी सारा हिच्याशी त्याची ओळख होते. लवकरच बेंड्रिक्स आणि सारा यांचे संबंध जुळतात. लंडनच्या दक्षिण भागातील क्लॅपम कॉमन या विस्तीर्ण मोकळ्या मैदानाच्या एका बाजूस माइल्स दांपत्याचे घर आहे आणि दुसऱ्या बाजूस बेंड्रिक्सची भाड्याची खोली. जून १९४४ मधील एका रात्री बॉम्ब पडतो. त्यानंतर सारा कोणतेही कारण न सांगता बेंड्रिक्सला सोडून जाते. जानेवारी १९४६ मध्ये, पावसाच्या एका रात्री, त्याच मैदानावर त्याची व हेन्रीची गाठ पडते. पत्नीच्या वागण्याविषयी हेन्रीच्या मनात संशय आहे. बेंड्रिक्सच्या मनातील मत्सर पुन्हा पेट घेतो आणि तो पार्किस नावाच्या खाजगी हेराला तिच्या मागावर लावतो. पार्किस साराची दैनंदिनी चोरून आणतो. ती वाचल्यावर बेंड्रिक्सला कळते की, ज्या ‘दुसऱ्या’चा आपण शोध घेत होतो तो कोणी पुरुष नसून ईश्वर आहे.

युद्ध येथे पार्श्वभूमीपुरते येत नाही. ग्रीन यांचे क्लॅपम कॉमनच्या उत्तरेकडील स्वतःचे घर ऑक्टोबर १९४० मध्ये बॉम्बने उद्ध्वस्त झाले होते. त्यामुळे कादंबरीतील काळोख, पडझड व धूळ यांना अनुभवाचे वजन आहे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे युद्धाने या प्रेमाला आश्रय दिला. दिवे मालवलेले रस्ते, गृहसुरक्षा खात्याच्या कामात रात्रंदिवस गुंतलेला पती, आणि सर्वांत अधिक म्हणजे भविष्यकाळाचा लोप. उद्याची खात्री नसलेल्या माणसांना उद्याच्या जबाबदारीचा विचार करावा लागत नाही. बेंड्रिक्सला मृत्यूपेक्षा भविष्याची धास्ती अधिक वाटते. व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर या प्रेमाचे वास्तव्य केवळ वर्तमानकाळात होते.

साराच्या वाक्याची वेळ या दृष्टीने लक्षणीय आहे. ६ जून १९४४ रोजी मित्र राष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. युद्धाचा अंत दृष्टिपथात आला. त्यानंतर आठवडाभरातच वैमानिकरहित उडते बॉम्ब लंडनवर येऊ लागले. या बॉम्बचा आवाज ऐकू येई तोवर भय थोडे असे. इंजिन बंद पडून शांतता पसरली की काही क्षणांत स्फोट होई. अशा एका स्फोटात, घरमालकीण तळघरात आहे की नाही हे पाहण्यास गेलेला बेंड्रिक्स दाराखाली गाडला जातो. सारा खाली येते, दाराखालून बाहेर आलेला त्याचा हात पाहते, तो मेला असे समजते आणि वर जाऊन गुडघे टेकते. थोड्याच वेळात बेंड्रिक्स दारात उभा राहतो. हा एकच प्रसंग कादंबरीत दोनदा येतो : प्रथम बेंड्रिक्सच्या निवेदनात आणि नंतर साराच्या दैनंदिनीत. पहिल्या वेळी वाचकाला एवढेच दिसते की, आपण जिवंत असल्याचे पाहून तिला निराशा झाली, असा बेंड्रिक्सला भास होतो. दुसऱ्या वेळी त्या भासाचे कारण कळते. तो जिवंत परतला याचा अर्थ तिचे वाक्य आता लागू झाले होते. वर्तमानकाळात जगणाऱ्या या प्रेमात पहिला खरा भविष्यकाळ आला तो या वाक्याच्या रूपाने.

३

हे वाक्य कोणत्या जातीचे आहे? इंग्रजीत त्याला जो शब्द आहे तो विवाहप्रसंगीच्या प्रतिज्ञेपासून संन्यासिनीच्या आजन्म व्रतापर्यंत सर्व प्रकारांना लागू होतो. मराठीने मात्र या क्षेत्राची बारकाईने वाटणी केली आहे, आणि ती वाटणी येथे उपयोगी पडते. मराठीत वचन दिले जाते, शपथ घेतली जाते, प्रतिज्ञा केली जाते, व्रत आचरले जाते; नवस मात्र बोलला जातो आणि फेडला जातो. क्रियापदांची ही योजना निर्हेतुक नाही. वचन घेणारी व्यक्ती समोर असावी लागते. शपथेला साक्ष लागते. व्रताला विधी, तिथी आणि उद्यापन असते. नवसाला यांपैकी कशाचीच आवश्यकता नाही. पुरोहित नको, मंदिर नको, साक्षीदार नको; मनातल्या मनात बोललेला नवसही नवसच असतो. उच्चार झाला की कृती पूर्ण झाली आणि त्या क्षणापासून बोलणारा ऋणको झाला. ‘फेडणे’ हे क्रियापद ऋणाचेच आहे.

साराचे वाक्य या अर्थाने शुद्ध नवस आहे. जुन्या करारातील इफ्ताहाने युद्धावर जाताना परमेश्वराला जे कबूल केले त्यासाठी मराठी पवित्र शास्त्राच्या भाषांतरकारांनी ‘नवस’ हाच शब्द योजला, ही गोष्ट या संदर्भात अर्थपूर्ण आहे. तथापि साराच्या नवसात दोन विशेष आहेत. नेहमीच्या नवसात मागितलेली वस्तू आणि द्यावयाची वस्तू भिन्न असतात. मूल मागावे आणि चांदीचा पाळणा वाहावा, रोग बरा व्हावा म्हणून पायी वारी करावी, असा हा व्यवहार. इफ्ताहाच्या नवसात द्यावयाची वस्तू कोणती हे बोलताना ठाऊक नव्हते. घराच्या दारातून प्रथम कन्या बाहेर आली तेव्हा ते कळले. सारा जे मागते तेच देते, आणि काय देत आहोत हे पूर्णपणे जाणून देते. मॉरिस जिवंत राहावा, आणि जिवंत राहिल्यास तो आपल्याला नसावा. मागणे आणि देणे यांचे कर्म एकच आहे. नवसाची ही रचना एवढी घट्ट आहे की तीतून सुटण्यास फट राहत नाही. एखादी दुसरी वस्तू देऊन येथे ऋणमुक्त होता येत नाही.

दुसरा विशेष याहून महत्त्वाचा आहे. साराने प्रथम देऊ केला तो त्याग नव्हे, श्रद्धा. तो जगला तर आपण विश्वास ठेवू, असे ती म्हणते. आणि लगेच तिला जाणवते की हे देणे फार स्वस्त आहे, त्यात दुःख नाही. त्यानंतर त्याग येतो. अविश्वासी व्यक्तीने, ज्याच्यावर विश्वास नाही त्यालाच, विश्वासाचे आमिष दाखवावे यात तार्किक विसंगती आहे. परंतु ती भाषेच्या व्यवहारातील विसंगती नाही. संकटात सापडलेला माणूस आधी हाक मारतो. ऐकणारा आहे की नाही याचा निर्णय नंतर होतो.

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत अशा उक्तींची मीमांसा केली आहे. वचन देणे, पैज लावणे, नाव ठेवणे या प्रसंगी बोलणे म्हणजे एखाद्या घटनेचे वर्णन नसते. बोलणे हीच घटना असते. अशी उक्ती सफल होण्यास ठरलेली रीत, योग्य व्यक्ती व योग्य प्रसंग यांची गरज असते. ही कसोटी काटेकोरपणे लावली तर साराचा नवस पोकळ ठरतो. ज्याला उद्देशून तो बोलला गेला तो बोलणारीच्या मते अस्तित्वातच नव्हता. परंतु त्याच मीमांसेत ऑस्टिन यांनी दुसरी एक गोष्ट तितक्याच आग्रहाने मांडली आहे. मनापासून न दिलेले वचन सदोष असेल, पण ते वचनच नव्हे असे म्हणता येत नाही. जीभ बोलली, मन बोलले नाही, ही युरिपिडीसच्या हिपॉलिटसची सबब त्यांना मान्य नाही. वचनाचे बंधन मनातल्या अदृश्य हालचालीवर सोपविले, तर खोटे बोलणाऱ्यास पळवाट मिळते.

साराची पुढील दोन वर्षे या दोन विधानांमधील अंतरात जातात. नवस पोकळ होता हे सिद्ध व्हावे म्हणून ती रिचर्ड स्माइद या बुद्धिवादी प्रचारकाकडे वारंवार जाते. ईश्वर नाही असे त्याने पटवून दिले तर ऋण आपोआप फिटेल, कारण धनकोच उरणार नाही. प्रत्यक्षात उलटे घडते. स्माइदच्या गालावर जन्मापासून एक विद्रूप डाग आहे, आणि ज्या आवेशाने तो ईश्वराचे खंडन करतो त्या आवेशातच तिला ईश्वराविषयीचा द्वेष दिसतो. जे नाही त्याचा एवढा द्वेष कोण करील? हे अनुमान न्यायशास्त्राच्या कसोटीस उतरणारे नाही. परंतु साराच्या बाबतीत ते परिणामकारक ठरते, कारण तीही त्याच अवस्थेत आहे. ज्याला मानीत नाही त्याच्याशी ती रोज दैनंदिनीत भांडत आहे.

येथे निषिद्धतेचा मूळ प्रश्न पुन्हा समोर येतो. पतीशी केलेली विवाहप्रतिज्ञा साराने सहजपणे मोडली होती. त्याबद्दल तिला विशेष टोचणीही नव्हती. इंग्रजी भाषा ज्या शब्दाने त्या प्रतिज्ञेचा निर्देश करते त्याच शब्दाने या नवसाचाही करते. पहिली प्रतिज्ञा साक्षीदारांसमोर झाली आणि तरी तिला बांधू शकली नाही. दुसरी एकांतात, श्रद्धेवाचून झाली आणि तीतून ती सुटू शकली नाही. याचे कारण धर्माज्ञेत शोधून सापडत नाही. पहिल्या प्रतिज्ञेने साराला काही मिळाले नव्हते. दुसऱ्या वाक्यानंतर मॉरिस दारात उभा होता. त्याचा प्रत्येक श्वास तिच्या दृष्टीने त्या ऋणाची पावती होता. नवस मोडणे म्हणजे त्याच्या जिवाची किंमत नाकारणे. प्रेमानेच प्रेमाचा निषेध केला, असे या कादंबरीबद्दल म्हणता येते ते या अर्थाने.

४

ऐकणारा कोण, हा प्रश्न कादंबरीत सर्वनामाच्या रूपाने येतो. पार्किस साराच्या केराच्या टोपलीतून कागदाचा एक तुकडा मिळवून बेंड्रिक्सला देतो. त्या तुकड्यात कोणा अनामिकाला उद्देशून उत्कट प्रेमाची भाषा आहे. ज्याला लिहिले आहे त्याला सर्व आधीच कळते, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही, असा त्याचा आशय. बेंड्रिक्स हे नव्या प्रियकराला लिहिलेले पत्र समजतो. वस्तुतः ती प्रार्थना आहे. संपूर्ण कथानक ज्या गैरसमजावर उभे आहे तो गैरसमज द्वितीय पुरुषी सर्वनामाचा आहे.

इंग्रजी भाषेच्या इतिहासाचा येथे प्रत्यक्ष संबंध पोहोचतो. इंग्रजीतील जुने एकेरी सर्वनाम दैनंदिन व्यवहारातून शतकांपूर्वी लोपले. ते टिकले मुख्यतः प्रार्थनेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजी भाषिक ख्रिस्ती माणूस देवाशी त्या जुन्या सर्वनामाने बोलत असे आणि माणसांशी नव्या सर्वनामाने. सारा धार्मिक शिक्षणाच्या बाहेर वाढलेली आहे. प्रार्थनेची सांकेतिक भाषा तिची नाही. म्हणून ती देवाला त्याच सर्वनामाने हाक मारते ज्याने मॉरिसला मारीत असे. तिने परंपरेतील सर्वनाम योजले असते तर तो कागद वाचताक्षणी बेंड्रिक्सला उलगडला असता आणि कथेचा पाया ढासळला असता. तिच्या अशिक्षित प्रार्थनेतून एकाच वेळी दोन गोष्टी साधतात : कथानकातील रहस्य टिकते, आणि एका प्रेमाची भाषा दुसऱ्या प्रेमाकडे जशीच्या तशी वाहून नेली जाते. सारा नवी भाषा शिकत नाही. जुन्या भाषेचा श्रोता तेवढा बदलतो.

सर्वनामाचा हा प्रश्न भाषेभाषेनुसार कसा पालटतो हे पाहण्यासारखे आहे. फ्रेंच कॅथलिक प्रार्थनेत देवाला आदरार्थी सर्वनामाने संबोधण्याची रूढी होती. प्रभूच्या प्रार्थनेचा एकेरी सर्वनाम असलेला सर्वमान्य पाठ तेथे १९६६ साली आला. म्हणजे कादंबरी प्रसिद्ध झाली त्या काळात फ्रेंच भाषेतील श्रद्धाळू स्त्रीने प्रियकराला ‘तू’ आणि देवाला ‘तुम्ही’ म्हटले असते. मराठीत परिस्थिती याच्या उलट आहे. विठ्ठलाशी संतांनी केलेले सर्व बोलणे एकेरी आहे. जनाबाईची जवळीक आणि तुकारामांची भांडणे ‘तू’ या सर्वनामावाचून कल्पिता येत नाहीत. मराठी ख्रिस्ती प्रार्थनाही देवाला ‘तू’च म्हणते. दुसरीकडे, १९४० च्या दशकातील मराठी मध्यमवर्गीय स्त्री पतीला ‘अहो’ आणि ‘तुम्ही’ म्हणत असे. त्यामुळे ही कादंबरी मराठीत आणताना मराठीची प्रवृत्ती आपोआपच हेन्रीला ‘तुम्ही’च्या पलीकडे ठेवील आणि मॉरिस व ईश्वर यांना ‘तू’च्या एकाच कक्षेत आणील. मूळ भाषेत जी गोष्ट संदिग्ध आहे ती मराठीत उघड होईल.

हा लाभ मोहक असला तरी भाषांतरकाराने तो नाकारणे इष्ट होय. साराच्या तोंडी हेन्रीसाठी ‘अहो’ घातल्याबरोबर क्लॅपमच्या घरात गिरगावातील चाळ उभी राहील. शिवाय हेन्रीविषयी तिला वाटणारी जी करुणायुक्त सलगी कादंबरीत शेवटपर्यंत टिकते ती नष्ट होईल. तिघांनाही ‘तू’ म्हटले तरच मूळातील पेच राखला जाईल. एकाच सर्वनामाच्या तीन हक्कदारांपैकी कोणाला हाक मारली आहे, याचा शोध वाचकाने बेंड्रिक्सप्रमाणेच चाचपडत घ्यावयाचा आहे.

प्रेमिकांच्या खाजगी भाषेचे आणखी एक उदाहरण येथे नोंदविण्याजोगे आहे. हेन्रीला कांद्याचा वास आवडत नाही. पहिल्या भेटींपैकी एका भेटीत उपाहारगृहात कांदा खाण्याचा प्रसंग येतो, आणि तेव्हापासून ‘कांदा’ हा शब्द त्या दोघांत प्रेमाचा, किंबहुना शरीरसंगाचाही, सांकेतिक शब्द होतो. स्वयंपाकघरातील सामान्य नामाला दोघांनी मिळून नवा अर्थ दिला, आणि तो अर्थ केवळ त्या दोघांच्या स्मृतीवर टिकून राहिला. शब्दाला अर्थ असण्यास दोन माणसे पुरतात, हे त्यातून दिसते. साराच्या नवसापुढील प्रश्न नेमका हाच आहे : दुसरे माणूस दिसत नसताना शब्दाला अर्थ राहतो काय?

५

नवस आणि संबोधन यांच्या आधाराने उभारलेली ही रचना साराच्या मृत्यूपर्यंत अभंग राहते. बेंड्रिक्स दैनंदिनी वाचून तिला परत मिळविण्यास निघतो. ती आजारी असतानाही त्याला टाळण्यासाठी अंथरुणातून उठून ओल्या थंडीत बाहेर पडते आणि काही दिवसांत न्यूमोनियाने मरण पावते. नवस शब्दशः फेडला जातो. मरणापूर्वी तिने बेंड्रिक्सला लिहिलेल्या पत्रावरून असे दिसते की, कॅथलिक होऊनही मॉरिसशी विवाह करता येईल काय याची चौकशी तिने पुरोहिताकडे केली होती आणि तिला नकार मिळाला होता. धर्मपीठाचा निषेध कादंबरीत प्रथम उमटतो तो येथे, आणि तोवर तो अनावश्यक झालेला असतो.

यानंतरचा भाग मात्र शंकास्पद आहे. साराच्या मृत्यूनंतर एकामागून एक चमत्कार घडू लागतात. पार्किसच्या मुलाचे पोटाचे दुखणे बरे होते. स्माइदच्या गालावरील डाग नाहीसा होतो. साराची आई बेंड्रिक्सला सांगते की, सारा दोन वर्षांची असताना तिचा गुप्तपणे कॅथलिक बाप्तिस्मा झाला होता, आणि तो देवीच्या लशीप्रमाणे लागू पडावा अशी आपली इच्छा होती. यांपैकी बाप्तिस्म्याचा तपशील सर्वांत सूचक आणि सर्वांत धोकादायक आहे. सूचक अशासाठी की, बाप्तिस्मा हीदेखील उच्चारानेच पूर्ण होणारी कृती आहे. संस्काराची सफलता तो करणाऱ्याच्या वैयक्तिक पुण्याईवर अवलंबून नसते, हे तत्त्व १५४७ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने घोषित केले. आणि अर्भकाच्या बाप्तिस्म्यात तर ज्याच्यावर संस्कार होतो त्याला त्याची जाणीवही नसते. या दृष्टीने बालपणीचा बाप्तिस्मा आणि १९४४ चा नवस ही दोन समांतर वाक्ये आहेत : दोन्ही श्रद्धेच्या आधी उच्चारली गेली आणि दोन्ही लागू पडली.

धोका असा की, बाप्तिस्म्याला कारण मानले की नवस हे कार्य ठरते. मग साराने गुडघे टेकले ते तिच्या प्रेमाने नव्हे, तर तिच्या नकळत तिच्यात पेरलेल्या बीजाने. ज्या वाक्याची पूर्ण किंमत तिने जाणून मोजली त्या वाक्याचे कर्तृत्वच तिच्याकडून काढून घेतले जाते. चमत्कारांविषयीही हीच हरकत आहे. नवसाचे सामर्थ्य पुराव्याच्या अभावात होते. बेंड्रिक्स मेलाच नव्हता, केवळ बेशुद्ध पडला होता, असा अर्थ वाचक शेवटपर्यंत लावू शकतो, आणि तरीही नवस सुटत नाही. हीच त्याची थोरवी. स्माइदचा डाग पुसला गेल्यावर वाचकापुढे पुरावा ठेवला जातो, आणि पुरावा आला की शब्दाला करावे लागणारे काम संपते.

लेखकालाही ही त्रुटी जाणवली होती. १९७४ च्या संकलित आवृत्तीत ग्रीन यांनी स्माइदच्या जन्मखुणेऐवजी ज्याचे मूळ मानसिक ताणात असू शकेल असा त्वचेचा विकार घातला, आणि प्रत्येक चमत्काराला नैसर्गिक स्पष्टीकरणाची वाट खुली असावयास हवी होती, असे मत व्यक्त केले. हा बदल योग्य दिशेचा असला तरी अपुरा आहे. दोष एका डागाच्या स्वरूपात नसून चमत्कारांच्या संख्येत आणि क्रमात आहे. एका योगायोगाला वाचक मौन राखून सामोरा जाऊ शकतो. तीन योगायोग ओळीने आले की त्यांना साक्षीपुराव्याचे रूप येते.

या कादंबरीवर १९५५ साली एडवर्ड डमिट्रिक यांनी आणि १९९९ साली नील जॉर्डन यांनी चित्रपट काढले. जॉर्डन यांच्या चित्रपटाने वरील अडचणीवर आपल्या परीने उपाय योजला. बुद्धिवादी स्माइद तेथे धर्मगुरू झाला आहे आणि गालावरील डाग पार्किसच्या मुलाकडे गेला आहे. त्यामुळे चमत्कारांची गर्दी ओसरते. परंतु त्याच चित्रपटात सारा आणि बेंड्रिक्स पुन्हा एकत्र येतात आणि ब्रायटनला जातात. नवस मोडला जातो. प्रेक्षकाला अपेक्षित असलेला मीलनाचा आनंद त्यातून मिळतो आणि रालफ फाइन्स व ज्युलिअन मूर यांचा अभिनय त्या प्रसंगास शोभाही आणतो. पण ज्या एका वाक्यावर कथा तोलली होती ते वाक्य मोडल्यावर उरते ती युद्धकाळातील एक करुण प्रेमकहाणी. मूळ कादंबरीतील साराला ही सुटका दिलेली नाही. तिला ती न देण्यातच ग्रीन यांची कलादृष्टी दिसते.

६

साराच्या मृत्यूनंतर कादंबरी बेंड्रिक्सची होते, आणि चमत्कारांनी जे बिघडविले ते येथे बऱ्याच अंशी सावरले जाते. आपली ही कहाणी प्रेमाची नसून द्वेषाची आहे, असे त्याने आरंभीच जाहीर केले होते. त्या द्वेषाचा विषय मात्र पालटत जातो. प्रथम हेन्री, मग सारा, मग तो अज्ञात तिसरा, आणि त्या तिसऱ्याची ओळख पटल्यावर ईश्वर. शेवटच्या पानावर बेंड्रिक्स ईश्वराला उद्देशून बोलतो. त्याचे बोलणे नकाराचे आहे. आता आपल्याला सोडून द्यावे, एवढेच त्याचे मागणे आहे. आज्ञार्थी क्रियापद मराठीत आज्ञेसाठी येते तसेच विनवणीसाठीही येते. इंग्रजीतही तीच गत आहे. बेंड्रिक्सची आज्ञा ही व्याकरणदृष्ट्या प्रार्थनाच आहे, आणि ही गोष्ट त्याच्या लक्षात आली आहे की नाही हे लेखक सांगत नाही.

मराठी वाचकाला येथे भागवताच्या सप्तम स्कंधातील नारदाचे विवेचन आठवणे स्वाभाविक आहे. गोपी कामाने, कंस भयाने आणि शिशुपाल द्वेषाने भगवंताशी तन्मय झाले व त्याला पोहोचले, असा तेथील सिद्धान्त आहे. बेंड्रिक्सच्या वृत्तीला विरोधभक्तीचे नाव देण्याचा मोह त्यामुळे होतो. परंतु हे साम्य अर्ध्या वाटेपर्यंतच पोहोचते. शिशुपालाला गती मिळते, आणि ती सर्वांच्या देखत मिळते. बेंड्रिक्सला काहीही मिळत नाही. तो केवळ अशा जागी येऊन थांबतो जिथे न बोलणे त्याला अशक्य झाले आहे. साराही १९४४ मधील त्या रात्री नेमकी याच जागी उभी होती : ज्याला मानीत नाही त्याच्याशी बोलत. तिच्या वाक्यात देणे होते, त्याच्या वाक्यात नाकारणे आहे. पुढे काय घडेल हे कादंबरी सांगत नाही, आणि सांगण्याची जरूरीही नाही.

शीर्षकातील ‘अफेअर’ या शब्दाला मराठीत ‘प्रकरण’ हा प्रतिशब्द सहज सुचतो, आणि तो मूळाहून अधिक बोलका आहे. प्रकरण म्हणजे अनैतिक संबंध, प्रकरण म्हणजे चौकशीसाठी हेराकडे सोपविलेली बाब, आणि प्रकरण म्हणजे ग्रंथाचा एक विभाग. बेंड्रिक्सला या तिन्ही अर्थांनी प्रकरणाचा शेवट करावयाचा आहे : संबंध तुटला, संशयाचा निकाल लागला, आणि कादंबरीकार म्हणून त्याने शेवटचे पान लिहिले. तरीही शेवट होत नाही, कारण शेवटचे वाक्य दुसऱ्या कोणाला तरी उद्देशून आहे, आणि उत्तर येण्याची शक्यता असेपर्यंत कोणतेही संबोधन पुरे झालेले नसते.

श्रद्धेचा प्रश्न ग्रीन यांनी सिद्ध केला की लादला, या जुन्या वादाचे उत्तर यातून हाती येते. चमत्कारांच्या भागात त्यांनी तो लादला, हे मान्य केले पाहिजे. परंतु नवस, दैनंदिनी आणि अखेरची नकारार्थी प्रार्थना या तीन ठिकाणी त्यांनी श्रद्धेला धर्ममताच्या ताब्यातून काढून भाषेच्या ताब्यात दिले. बोललेला शब्द बोलणाऱ्याला बांधतो काय, हा प्रश्न श्रद्धावान आणि श्रद्धाहीन या दोघांनाही सारखाच लागू आहे. साराच्या वाक्याची किंमत ओळखण्यास वाचकाने कॅथलिक असण्याची गरज नाही. दिलेला शब्द मोडता येत असतानाही न मोडण्याचा प्रसंग ज्याने जाणला आहे, त्याला ही कादंबरी आपली वाटेल.